विमानाच्या तिकिटावर कार्बन कर घ्या, पण माणशी नको, धुराप्रमाणे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ पासून विमानप्रवासावर कार्बनचा भार येणार, तिकिटं महागणार अशा बातम्या सध्या येतायत आणि आमच्याकडे येणारी प्रत्येक दुसरी पार्टी विचारतेय की आत्ताच बुक करून ठेवू का. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी कराडला तिकीट बुकिंगचं ऑफिस चालवतो, रेल्वे, लक्झरी, विमान सगळं, १९ वर्षं झाली. अर्थशास्त्र शिकलेलो नाही पण तिकिटाचं ब्रेकअप रोज वाचतो, त्यातला कुठला आकडा कुठून येतो आणि कुणाच्या खिशातून जातो हे रोज डोळ्यासमोर असतं, आणि या विषयावर जे बोललं जातंय त्यात नेमकी हीच गोष्ट सुटतेय असं मला वाटतं.

मागच्या महिन्यात एक काका-काकू आले होते. काका निवृत्त मुख्याध्यापक, काकू घरीच, मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते आणि तिचं पहिलं बाळंतपण आहे. काकूंचा सगळा जीव सामानात, डिंकाचे लाडू चालतील का, अळीव नेऊ का, बाळंतशोपा पुडीत बांधून नेली तर अडवतील का. काका मात्र चष्मा लावून तिकिटाचं प्रिंटआउट ओळीओळीने वाचत बसले. बेस फेअर झालं, वायक्यू म्हणजे फ्युएल सरचार्ज झाला, के थ्री म्हणजे आपला जीएसटी झाला, आणि मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे जीबी काय आहे हो, एवढा मोठा आकडा? मी सांगितलं काका, हा इंग्लंडचा कर आहे, तिथून विमान निघताना लागतो, म्हणजे तुमच्या परतीच्या प्रवासाचा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या घरी परत यायचा कर."

त्या कराचं नाव एअर पॅसेंजर ड्युटी. नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाला तेव्हा युरोपात जायला ५ पौंड आणि बाकी जगात कुठेही जायला १० पौंड होता. एप्रिल २०२६ पासून लंडनहून भारतात यायला इकॉनॉमीच्या प्रवाशाला १०२ पौंड, म्हणजे माणशी १२ हजारांच्या आसपास. दोघांचे २४-२५ हजार. १६ वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत माफ आहे, म्हाताऱ्या माणसांना नाही. आता कुणी म्हणेल की विमान धूर सोडतं, पर्यावरणासाठी एवढं द्यायलाच पाहिजे. मलाही ते मान्य आहे, आमच्याकडे कृष्णा-कोयनेच्या काठाला २०१९ चा महापूर आम्ही पाहिलाय, हवामान बदलतंय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण मग हिशोब तरी धुराचा होऊ दे.

एक किलो विमानाचं तेल जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हा ठरलेला आकडा आहे, जगभर हाच वापरतात. लंडन-मुंबई ७,२०० किलोमीटर. इकॉनॉमीच्या एका सीटमागे एका बाजूचा साधारण अर्धा टन धरा, थोडा जास्तच धरतोय मी. अर्ध्या टनाला १०२ पौंड म्हणजे टनाला २०४ पौंड. युरोपच्या कार्बन बाजारात गेली काही वर्षं एका टनाचा भाव बहुतेक वेळ ६० ते ९० युरोच्या दरम्यान राहिलाय. म्हणजे काका-काकू बाजारभावाच्या अडीच ते चारपट देतायत. आणि त्याच विमानात पुढे जो आडवा झोपून येतोय त्याचा कर आहे २४४ पौंड. त्याची सीट जागा किती खाते बघा, लांबच्या विमानात बिझनेस क्लासच्या एका माणसामागे इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट धूर धरतात, म्हणजे दीड टन. दीड टनाला २४४ म्हणजे टनाला १६३ पौंड. लेकीच्या बाळंतपणाला चाललेली बाई टनाला २०४ देते आणि कंपनीच्या पैशाने फिरणारा १६३ देतो. वर हा पैसा जातो तिथल्या सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत, झाडांसाठी किंवा नव्या इंधनासाठी तो बाजूला ठेवलेला नसतो. माझा मुद्दा एवढाच आहे आणि पुढचं सगळं पत्र त्याच्यावरच आहे.

कारण आता आपल्याकडेही हे येणार आहे, आणि नियम अजून ठरायचे आहेत तोपर्यंतच बोलायला हवं.

मुळात विमानाचं तेल हा एक विचित्र प्रकार आहे. एसटीच्या डिझेलवर कर आहे, ट्रॅक्टरच्या डिझेलवर आहे, पोरगं कॉलेजला जातं त्या स्कूटरच्या पेट्रोलवर आहे. पण एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या विमानाच्या तेलावर जगात सहसा कर नसतो. १९४४ साली शिकागोला जो करार झाला त्यात विमानाच्या टाकीत आधीपासून असलेल्या तेलावर दुसऱ्या देशाने जकात घ्यायची नाही असं ठरलं, आणि पुढे देशादेशांनी आपसात जे करार केले त्यातून भरलेल्या तेलालाही सूट मिळत गेली. तेव्हा विमानसेवा बाळसं धरत होती, समजू शकतो. पण ऐंशी वर्षं झाली आणि अजून तेच चाललंय. तेलाला हात लावता येत नाही म्हणून मग सरकारं माणसाला हात लावतात, डोकं मोजायचं आणि पैसे घ्यायचे. इंग्लंडचं जीबी, जर्मनीचं ओवाय, फ्रान्सचं आयझेड, तिकिटावरचे हे सगळे कोड म्हणजे माणशी पट्टी. जुनं तेल पिणारं विमान असो की नवं कमी तेलाचं, अर्धं रिकामं असो की भरलेलं, पट्टी तीच, मग विमान कंपनीने नवं विमान घ्यायचं तरी कशाला?

युरोपने २०१२ मध्ये वेगळा रस्ता धरून बघितला होता. त्यांच्याकडे कार्बनची परवाना पद्धत आहे, जेवढा धूर तेवढे परवाने विकत घ्यायचे, आणि ते म्हणाले की युरोपात उतरणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला हे लागू, मग ते मुंबईहून आलेलं का असेना. भारताने कडक विरोध केला, आपल्या विमान कंपन्यांना सांगितलं की माहिती द्यायची नाही, चीननेही तेच केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपला बाहेरच्या विमानांपुरतं थांबावं लागलं. तेव्हा आपला मुद्दा बरोबर होता असं मला आजही वाटतं. मुंबईहून उडून इराण-तुर्कस्तानवरून जाताना जो धूर झाला त्याचे पैसे युरोपने का घ्यावेत? पण विरोध करून आपण घरी बसलो, आपली स्वतःची पद्धत काही उभी केली नाही.

मग २०१६ मध्ये माँट्रियलला आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेत कोर्सिया नावाची योजना ठरली. तीच ही २०२७ वाली. आत्तापर्यंत ती ज्यांना हवी त्यांच्यासाठी होती, भारत बाहेर होता, २०२७ पासून आपल्याला बंधनकारक होतेय, २०३५ पर्यंत. योजना अशी की २०१९ साली जेवढा धूर होता त्याच्या ८५ टक्के ही रेघ, त्या रेघेच्या वर जेवढं जाईल तेवढ्याचे क्रेडिट विमान कंपन्यांनी विकत घ्यायचे, म्हणजे कुठेतरी जंगल राखलं किंवा कुठे धूर कमी केला त्याचं प्रमाणपत्र. फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी, देशातल्या विमानांना हे नाही. यात लोकांची घबराट होतेय ती विनाकारण आहे. हिशोब करून बघा, पूर्ण अर्ध्या टनाचे पैसे नाहीत, रेघेच्या वरच्या भागाचेच, तो भाग पाचवा हिस्सा धरा आणि क्रेडिट टनाला २० डॉलर धरा, तर लंडनच्या तिकिटाला दोन डॉलर होतात. दोनशे रुपयेही नाही. पुढे भाव वाढतील, हिस्साही वाढेल, पण २०२७ च्या भीतीने कुणी आत्ता धावत येऊन तिकीट काढायची गरज नाही, हे मी धंद्याचं नुकसान करून सांगतोय.

म्हणजे एकाच सीटवर दोन गोष्टी लागणार, एक १२ हजारांची जिचा धुराशी हिशोब जुळत नाही आणि एक दोनशेची जिचा जुळतो पण जी इतकी छोटी आहे की तिने कुणाची सवय बदलणार नाही. अर्थशास्त्राची माणसं सांगतात की कर लावला की माणूस कमी उडतो. माझ्या ऑफिसमध्ये मला दिसतं ते असं की कोण कमी उडतो हे महत्त्वाचं. दीड-दोन हजार वाढले की तिरुपतीला जाणारं कुटुंब ट्रेनवर येतं, पहिल्यांदा विमानात बसायची हौस असलेले म्हातारा-म्हातारी पुढच्या वर्षावर ढकलतात. कंपनीचा मॅनेजर एक मिनिट विचार करत नाही, कारण बिल कंपनीचं आणि कंपनी ते खर्चात दाखवते. एका अभ्यासात आलं होतं की २०१८ साली जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि एकूण धुरातला निम्मा धूर १ टक्का लोकांचा होता. म्हणजे जे सतत उडतात त्यांच्यावर पट्टीचा परिणाम सगळ्यात कमी आणि जे कधीमधी उडतात त्यांच्यावर सगळ्यात जास्त. कराचा हेतू जर धूर कमी करणं असेल तर नेमकं उलटं व्हायला हवं ना.

दुसऱ्या देशांनी जे भोगलंय ते तरी बघू. नेदरलँड्सने जुलै २००८ मध्ये विमानतिकिटावर कर लावला, जवळच्या प्रवासाला ११.२५ युरो आणि लांबच्या प्रवासाला ४५. झालं काय, डच लोक गाडी काढून सीमेपलीकडे जर्मनीतल्या आणि बेल्जियममधल्या विमानतळांवर जाऊन उडायला लागले. धूर तेवढाच, वर गाडीचा धूर वेगळा, आणि धंदा शेजाऱ्याला. वर्षभरात, जुलै २००९ ला, त्यांनी तो कर मागे घेतला आणि मग २०२१ मध्ये पुन्हा आणला. स्वीडनने २०१८ मध्ये लावला आणि जुलै २०२५ मध्ये काढून टाकला. बेलफास्टची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेला जाणारं एकच थेट विमान उरलं होतं, न्यूअर्कचं, आणि बाजूला डब्लिनला कर कमी, त्यामुळे ते विमान जाईल म्हणून सरकारने लांबच्या विमानांवरचा कर तिथे आधी कमी केला आणि २०१३ पासून शून्य केला. तरी जानेवारी २०१७ मध्ये ते विमान बंद झालंच. कर हे एकच कारण कधी नसतं, प्रवासी पुरेसे नसले की कर काढूनही विमान टिकत नाही, हे दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पण इंग्लंडच्याच त्या करात एक चांगली गोष्ट आहे आणि ती आपण उचलायला हवी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून निघणाऱ्या प्रवाशांना तो कर नाही. कारण तिथल्या माणसाला दुसरा रस्ता नाही. आपल्याकडे हा विचार आणखी महत्त्वाचा आहे. उडान योजनेमुळे कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नाशिक, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी विमानं आली, काही सुरू झाली, काही बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आमच्या पार्ट्या आता पुण्याऐवजी उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर जातात. आणि ही योजना चालते कशावर, तर डिसेंबर २०१६ पासून मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे घेतल्या जाणाऱ्या लेव्हीवर. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी नांदेडच्या विमानाला हातभार लावतो. ही कल्पना चांगली आहे. उद्या सरसकट कार्बन पट्टी आली तर छोट्या गावचं हे विमान सगळ्यात आधी जाईल, कारण ७० सीटच्या विमानात दहा माणसं कमी झाली की गणित संपलं. मुंबई-दिल्लीवर दहा माणसं कमी झालेली कुणाला कळणारही नाहीत.

आता देशातल्या विमानांचं. लोकांना वाटतं आपल्याकडे विमानाच्या तेलावर कर नाही. आहे, आणि भरपूर आहे. एटीएफ, म्हणजे विमानाचं तेल, अजून जीएसटीच्या बाहेर आहे. देशातल्या उड्डाणाच्या तेलावर केंद्राची एक्साइज ११ टक्के आणि त्यावर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. काही राज्यांत १ टक्का आहे, काहींत २५ च्या वर. विमान कंपनीच्या खर्चात तेल ४० टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे कंपन्या काय करतात, जिथे व्हॅट कमी तिथे टाक्या जास्त भरून घेतात आणि ते जास्तीचं तेल वाहून नेतात. याला धंद्यात टँकरिंग म्हणतात. जड विमान जास्त तेल पितं. म्हणजे आपण तेलावर कर लावलाय आणि त्या कराच्या रचनेमुळेच जास्त तेल जळतंय! असा कर पर्यावरणाचा कसा म्हणायचा? तेलाचा भाव वाढला की व्हॅट आपोआप वाढतो, भाव पडला की कमी होतो, धुराशी त्याचं काही नातं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की देशातल्या विमानांवर कार्बन कर लावायचा असेल तर तो या व्हॅटच्या जागी लावा, त्याच्या वर नको. एक टन धुराला एक भाव, सगळ्या राज्यांत सारखा. मुंबई-दिल्लीला एका माणसामागे साधारण १०० किलो धूर होतो असं धरलं आणि टनाला १,००० रुपये लावले तर तिकिटाला १०० रुपये होतात, युरोपचा भाव लावला तर ७००-८००. पहिल्याने कुणाचं काही अडणार नाही, दुसऱ्याने माणूस दोनदा विचार करेल. मध्ये कुठेतरी सुरुवात करता येईल. टँकरिंग तेवढं बंद होईल आणि नवं, कमी तेल पिणारं विमान आणणाऱ्या कंपनीला त्याचा फायदा मिळेल. राज्याचं उत्पन्न जाईल म्हणून ओरड होईल हे माहीत आहे, ते केंद्राने वाटून द्यावं, जीएसटीत वाटतात तसं.

पुढच्या सीटवाल्याला जास्त लावणंही काही अवघड नाही. जीएसटीत आत्ताच फरक आहे, इकॉनॉमीला ५ टक्के, आणि त्याच्या वरच्या वर्गाला सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. २०२५ मध्ये फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस अशा काही देशांनी एकत्र येऊन महागड्या सीटवर आणि खाजगी जेटवर जास्त कर घ्यायचं ठरवलंय. मालदीवने तर डिसेंबर २०२४ पासून करूनच दाखवलं, देश सोडताना परदेशी माणसाला इकॉनॉमीत ५० डॉलर, बिझनेसला १२०, फर्स्टला २४० आणि खाजगी जेटमधून जाणाऱ्याला ४८० डॉलर. त्या बेटांना समुद्र वाढायची भीती आहे, त्यांनी कुणाकडून किती घ्यायचं हे नीट ठरवलंय. आपल्याकडे निवडणुका आल्या की चार्टर विमानं आणि हेलिकॉप्टरं किती उडतात हे आपल्याच पेपरात छापून येतं, त्यांच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे.

आणि वर्षातून कितव्यांदा उडतो त्यावरही कर ठरवता येतो. पहिला जाऊन-येऊन प्रवास माफ, दुसऱ्याला थोडा, पाचव्याला जास्त. इंग्लंडमध्ये याची मागणी बरीच वर्षं चालू आहे. हे मोजणार कसं असं लोक विचारतात. अहो, परदेशी टूर पॅकेज घेताना टीसीएससाठी, म्हणजे विकतानाच कापून घ्यायच्या करासाठी, आम्ही पॅन नंबर घेतोच की, नोंद सगळी सरकारकडे जाते. देशातल्या तिकिटावर नाव आणि मोबाइल नंबर असतोच. काम वाढेल, आमचंही वाढेल, पण अशक्य नाही.

व्यापाराचं काय होईल असंही विचारलं जातं. नाशिकची द्राक्षं युरोपला जहाजाने जातात, त्यांना विमानाच्या कराशी देणंघेणं नाही. हापूस मात्र बराचसा विमानाने जातो, तोही प्रवासी विमानाच्या पोटातून. लंडनपर्यंत एक किलो माल न्यायला ढोबळमानाने चार किलो धूर धरा. साडेतीन किलोची डझनाची पेटी म्हणजे १४ किलो. युरोपच्या भावाने संपूर्ण धुराचे पैसे लावले तरी पेटीमागे शंभर रुपये. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला हे शंभर रुपये कुणी भरायचे हा प्रश्न आहे, आणि अनुभव असा की असा खर्च शेवटी बागेपर्यंत खाली येतो, तिकडच्या दुकानदाराच्या नफ्यातून जात नाही. म्हणून माझ्या मते शेतमालाला सुरुवातीची काही वर्षं सूट हवी.

आता पैशाचं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. २०१० साली आपण कोळशावर सेस लावला होता, टनाला ५० रुपये, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१४ ला १००, पुढच्या वर्षी २००, २०१६ ला ४०० रुपये झाला. म्हणजे कार्बन कर आपल्याला नवा नाही, जगातल्या बऱ्याच देशांच्या आधी आपण तो लावला होता. पण जमलेल्या पैशातला मोठा भाग स्वच्छ ऊर्जेच्या निधीपर्यंत पोचलाच नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा सेस राज्यांच्या भरपाईकडे वळवला गेला. विमानाच्या कार्बन कराचं असंच होणार असेल तर माझा विरोध आहे, सरळ सांगतो. पार्टीला मी कुठल्या तोंडाने सांगू की काका, हे पैसे पर्यावरणाला जातात?

जायला हवेत कुठे, तर एक जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. विमानाचं हरित इंधन, ज्याला सॅफ म्हणतात. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशातच तयार झालेलं सॅफ थोडंसं मिसळून उडालं, ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने आणि इंडियन ऑइलने मिळून केलं होतं. इथेनॉलपासून विमानाचं तेल करता येतं, आणि इथेनॉल म्हणजे ऊस, म्हणजे आमचा कृष्णाकाठ. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के सॅफ मिसळायचं असं केंद्राने ठरवलंय. अडचण अशी की हे तेल नेहमीच्या तेलाच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत महाग पडतं, आणि २०२४ साली जगभरात वापरलेल्या विमान इंधनात त्याचा वाटा जेमतेम ०.३ टक्के होता. पहिले प्लांट उभे करायला कुणीतरी मधला फरक भरायला हवा. तो कार्बन कराने भरावा, साखर कारखान्यांच्या सभासदाला त्यातून उसाच्या टनाला चार पैसे जास्त मिळाले तर या कराला गावागावातून पाठिंबा मिळेल.

पण इथे एक भीतीही लिहितो, कारण मी उसाच्याच भागातला आहे. विमानासाठी म्हणून मराठवाड्यात आणखी ऊस लावला गेला तर धूर वाचेल आणि पाणी जाईल. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, मिरजेहून, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून पैसा आधी मळीवर, उसाच्या आणि भाताच्या वाया जाणाऱ्या चोथ्या-काडावर, आणि तळणीच्या जुन्या तेलावर लावावा. इंडियन ऑइल पानिपतला तळणीच्या तेलापासून सॅफ करण्याच्या मागे आहे. माझ्या ऑफिससमोर वडापावची गाडी आहे. रोज रात्री तो कढईतलं काळं झालेलं तेल डब्यात गाळून ठेवतो, तिसऱ्या दिवशी एक माणूस टेम्पो घेऊन येतो आणि डबे घेऊन जातो. कुठे नेतो विचारलं तर म्हणाला पुढे विकतो, साबणवाले घेतात, आणखी कोण कोण घेतात. ते तेल पुन्हा कुणाच्या कढईत जात असेल का ही शंका मला कायम येते. त्या डब्याला विमानाच्या इंधनाचा चांगला भाव मिळाला तर ते नीट जमा होईल, खाणाऱ्याच्या पोटातही जाणार नाही. कार्बन कराच्या पैशातून तालुक्याच्या ठिकाणी असं तेल गोळा करायची केंद्रं निघाली तर मला तिकिटावरची ती ओळ पार्टीला समजावून सांगताना काहीच वाटणार नाही.

आमच्या भागातल्या खासदारांना माझी विनंती आहे की २०२७ ची अंमलबजावणी सुरू व्हायच्या आत संसदेत तीन गोष्टी विचारा. एटीएफ जीएसटीत कधी येणार आणि व्हॅटच्या जागी टनाप्रमाणे कर लावायचा विचार आहे का. सॅफच्या सक्तीचा आणि कोर्सियाचा खर्च विमान कंपन्या तिकिटात टाकतील तेव्हा तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या कोडने दाखवायची सक्ती करणार का, की वायक्यूमध्ये ढकलून मोकळे होणार, कारण एकदा वायक्यूत गेलं की कोण किती घेतंय हे मलाही कळणार नाही मग प्रवाशाला काय कळणार. आणि इंग्लंडबरोबर व्यापार करार झालाय, जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, तर तिथून परत येणाऱ्या आपल्या वयस्कर आईवडिलांना लहान मुलांसारखी सूट मागता येईल का.

काका-काकूंचं तिकीट मी काढून दिलं. त्यांच्या परवानगीने ब्रेकअपची एक प्रत नाव आणि पीएनआर खोडून माझ्याकडे ठेवलीय. आपल्या बातमीदारांपैकी कुणाला हा विषय खोलात लिहायचा असेल तर ती प्रत आणि गेल्या काही वर्षांतली अशीच जुनी तिकिटं, ज्यात हा कर दरवर्षी कसा वाढत गेला ते दिसतं, मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला विश्वासू,
एक तिकीट बुकिंग व्यावसायिक, कराड